मृत सीमाउंट ओळखायचा कसा? नकाशातल्या उंचवट्यापासून वयापर्यंत

खोलपाणी (धागाकर्ता)

शाळेच्या भूगोलात ज्वालामुखीचे तीन प्रकार असतात: जागृत, निद्रिस्त, मृत. जमिनीवर ही वाटणी कशीबशी चालते, कारण उद्रेकाची नोंद ठेवायला माणसं आसपास असतात. चार किलोमीटर पाण्याखाली तिचा फारसा उपयोग नाही. तिथले बहुतेक डोंगर पेटताना कुणी पाहिलेले नाहीत, विझताना तर नाहीतच. तरीही "हा सीमाउंट मृत आहे" असं बिनधास्त लिहिलेलं दिसतं. ते कशावरून ठरवतात, त्यातलं पक्कं किती आणि अंदाजाचं किती, हे एका जागी यावं म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुका दाखवाव्यात.

आधी शब्द. तळापासून १००० मीटर किंवा जास्त उंच, सुटा उभा असलेला डोंगर म्हणजे सीमाउंट. ही जुनी मर्यादा आहे. हल्ली शंभर मीटरच्या टेकाडालाही बरेच जण सीमाउंटच म्हणतात, त्यामुळे "जगात सीमाउंट किती" या प्रश्नाचं उत्तर सांगणाऱ्यागणिक बदलतं. माथा सपाट असेल तर गयॉट. हे नाव हॅरी हेस यांनी दिलं. दुसऱ्या महायुद्धात ते 'केप जॉन्सन' या अमेरिकी नौकेवर होते आणि प्रवासभर प्रतिध्वनीमापक चालू ठेवत. त्यातून प्रशांत महासागरात सुमारे १६० सपाट माथ्यांचे डोंगर हाती लागले. १९४६ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. नाव आर्नोल्ड गीयो या भूगोलतज्ज्ञाचं, म्हणजे उच्चार खरं तर 'गीयो'. पण आपल्या पाठ्यपुस्तकांत गयॉट रुळलंय, तेच चालू द्या.

हेस यांनी आकारावरून वयाचा अंदाज बांधला आणि तो सपशेल चुकला. माथ्यावर प्रवाळ दिसत नाही, म्हणजे ही बेटं प्रवाळ जन्माला येण्याआधीची, प्रीकँब्रियन असावीत, असं त्यांना वाटलं. १९५० च्या मिड-पॅसिफिक मोहिमेत तिथूनच क्रेटेशस काळातले उथळ पाण्याचे जीवाश्म वर आले. पन्नास कोटी वर्षांहून जुनं मानलेलं प्रकरण दहा कोटींच्या आसपास निघालं. नुसत्या आकारावर विसंबायचं नाही, हा धडा तेव्हापासूनचा.

ज्यांना घरी नकाशा उघडून बघायचंय त्यांच्यासाठी सुरुवात: गेब्को या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाची समुद्रतळाच्या खोलीची जागतिक ग्रिड (चौकटीगणिक आकडा) फुकट उतरवता येते, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते. तिची चौकट अक्षांश-रेखांशाच्या १५ सेकंदांची, म्हणजे विषुववृत्तावर साधारण ४५० मीटरची. तिच्यासोबत टीआयडी नावाची दुसरी ग्रिड मिळते. ती आधी उघडा. प्रत्येक चौकटीतला आकडा कुठून आला ते त्यात असतं: ११ म्हणजे मल्टिबीमने (एका वेळी अनेक ध्वनिकिरण सोडणाऱ्या सोनारने) मोजलेला, १० म्हणजे जुना, एकाच किरणाचा सिंगलबीम, ४० म्हणजे उपग्रहाच्या गुरुत्वमापनावरून काढलेला अंदाज. तुमच्या लाडक्या डोंगरावर सगळीकडे ४० असेल तर माथ्याच्या आकाराबद्दल एक अक्षर बोलू नका. सपाट आहे की टोकदार, हे त्या अंदाजाला कळतच नाही.

---

शंकासुर

वाचनखूण साठवली. एक भाबडा प्रश्न: उपग्रहाला पाण्याखालचं दिसतं कसं? रडार तर पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परत फिरतं ना?

---

प्रतिध्वनी

@शंकासुर, तळ दिसत नाहीच. दिसतो तो पाण्याचा पृष्ठभाग, आणि तो सपाट नसतो. बेसॉल्टचा डोंगर त्याच जागेतल्या पाण्यापेक्षा खूप जड, म्हणून आसपासचं पाणी स्वतःकडे ओढतो. साधारण २००० मीटर उंच आणि २० किमी त्रिज्येच्या सीमाउंटवर समुद्राची पातळी दोनेक मीटर वर येते. हा फुगवटा इतक्या अंतरात पसरलेला असतो की जहाजावरच्या माणसाला पत्ता लागत नाही. उपग्रह मोजतो तो या फुगवट्याचा उतार: एका किलोमीटरला एक मिलिमीटर चढ असला की गुरुत्वात साधारण एक मिलिगॅलचा (गुरुत्व मोजायचं बारीक एकक) फरक. लाटा मीटरभर असतात हे खरं, पण रडारचा एकेक ठसा काही किलोमीटरचा असतो आणि त्याच वाटेवरून अनेक फेऱ्या होतात. सरासरीत लाटा जिरतात, फुगवटा जागचा हलत नाही.

जिओसॅट या अमेरिकी नौदलाच्या उपग्रहाची दाट फेऱ्यांची माहिती १९९५ मध्ये खुली झाली. ती आणि युरोपच्या ईआरएस-१ ची माहिती एकत्र करून वॉल्टर स्मिथ आणि डेव्हिड सँडवेल यांनी १९९७ मध्ये सगळ्या महासागरांचा तळनकाशा काढला. टीआयडीतल्या ४० आकड्याचं मूळ तिथे आहे.

आता याची मर्यादा. तळावरच्या आकाराचा गुरुत्वावरचा परिणाम वर येईपर्यंत घातांकी वेगाने विरतो. ४ किमी पाण्याखाली १५ किमी तरंगलांबीचा आकार असेल तर पृष्ठभागावर १९ टक्क्यांच्या आसपास उरतो. तोच ५ किमीचा असेल तर ०.७ टक्केसुद्धा नाही. त्यामुळे बारका शंकू निसटतो आणि मोठ्या डोंगराच्या कडा गोल होऊन येतात. उलट्या बाजूने, गाळात पूर्ण गाडला गेलेला डोंगर गुरुत्वात दिसतो पण नकाशावर तिथे मैदान असतं.

२०२३ मध्ये याच पद्धतीने १९,३२५ नव्या सीमाउंटची यादी आली, एकूण आकडा ४३,००० च्या पुढे गेला. डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेला स्वॉट उपग्रह एका रेषेऐवजी दोन्ही बाजूंना ५०-५० किमीचा पट्टा मोजतो, त्याला किलोमीटरहून कमी उंचीचेही सापडतात. पण यादीतल्या बहुतेकांवरून एकही सर्वेक्षण जहाज गेलेलं नाही. मोजून काढलेला तळ अजून सगळा मिळून चौथ्या हिश्शाच्या आसपासच आहे.

याची किंमत कधी कधी फार मोजावी लागते. ८ जानेवारी २००५ ला 'सॅन फ्रान्सिस्को' ही अमेरिकी पाणबुडी ग्वामच्या आग्नेयेला १६० मीटर खोलीवर भर वेगात एका सीमाउंटवर आदळली. एक खलाशी दगावला. तिच्याकडच्या नौकानयन नकाशावर तो डोंगर नव्हता.

---

गाळउपसा

प्रतिध्वनींनी उपग्रहाचं छान मांडलंय. मल्टिबीमबद्दल मी लिहितो, कारण "मल्टिबीमने मोजलंय" म्हटलं की लोक निर्धास्त होतात.

खोल पाण्यासाठी १२ किलोहर्ट्झच्या आसपासचा सोनार. ध्वनी पाण्यात सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे ४००० मीटर तळाचा प्रतिध्वनी यायला ५.३ सेकंद. एक अंशाचा बीम त्या खोलीवर ७० मीटरचा ठसा टाकतो. सगळ्या बीमचा मिळून पंखा १२० अंशांचा धरला तर पट्टा जवळपास १४ किमी रुंद; १० नॉटने चाललं तर तासाला अडीचशे चौरस किलोमीटर उरकतात. कागदावर झकास.

सीमाउंटवर हे गणित कोलमडतं. माथा १००० मीटरवर असेल तर तोच पंखा साडेतीन किमीचा होतो. पायथ्याच्या खोलीवरून ओळींमधलं अंतर ठरवलं असेल तर माथ्यावर भगदाडं पडतात, आणि नेमका तिथलाच तपशील हवा असतो. म्हणून पायथा एका आराखड्याने उरकायचा, मग वरच्या भागासाठी वेगळ्या, जवळजवळच्या ओळी आखायच्या, शक्यतो समोच्च रेषांना धरून. त्या रेषांना आडवं, उतारावर चढत गेलं की दर मिनिटाला पट्टा अरुंद होत जातो आणि शेजारच्या ओळीशी गाठ पडत नाही.

दुसरी भानगड ध्वनीच्या वेगाची. तापमान, क्षारता आणि दाब बदलला की वेग बदलतो. एक टक्का चूक म्हणजे ४००० मीटरला ४० मीटरची चूक, आणि ती ठीक खालच्या बीमची झाली. कडेचे बीम तर वाकून भलतीकडे जातात. ओळखायची खूण सोपी: सपाट तळ प्रत्येक ओळीत हसऱ्या किंवा पडलेल्या तोंडासारखा वाकलेला दिसतो. उपाय म्हणजे सीटीडी (क्षारता, तापमान, खोली मोजणारं यंत्र) उतरवून किंवा चालत्या जहाजावरून एक्सबीटी (एकदाच वापरायचा तापमापक) टाकून वेगाचा नवा आलेख घेणे, आणि पाण्याचा थर बदलला की पुन्हा घेणे. सीमाउंटभोवती प्रवाह वळतात, खालचं थंड पाणी वर येतं, त्यामुळे सकाळचा आलेख संध्याकाळी चालेलच असं नाही.

---

बेसॉल्टवाला

मूळ प्रश्न 'मृत कशावरून' हा आहे, तिकडे वळू.

पहिला पुरावा जागेचा. महासागरातला ज्वालामुखी तीनच ठिकाणी जोमाने पेटतो: मध्य-महासागरी पर्वतरांगेवर किंवा तिच्या लगत, भूपट्ट खाली जातो तिथल्या बेटांच्या कमानीत, आणि हॉटस्पॉटवर, म्हणजे प्रावरणातून मॅग्मा सतत वर येतो अशा जागी. भूपट्ट सरकतो, डोंगर त्याच्यासोबत जातो, मॅग्माचा पुरवठा मागे राहतो. हवाई-एंपरर रांग याचा शाळकरी नमुना. सगळी मिळून ६००० किमी लांब. आज पेटता आहे तो कामाएहुआकानालोआ, म्हणजे पूर्वीचा लोइही, हवाई बेटाच्या आग्नेयेला, माथा पाण्याखाली सुमारे ९७५ मीटरवर. रांगेला जिथे कोपर आहे तो भाग ४.७ कोटी वर्षांपूर्वीचा. हवाईपासून कोपरापर्यंत ३५०० किमी धरा, भागाकार केला की वर्षाला साडेसात सेंटीमीटर. मधल्या कुठल्याही सीमाउंटचं वय अंतरावरून ढोबळपणे काढता येतं.

ढोबळपणेच, कारण कोपराच्या पलीकडे हे बिनसतं. २००१ मध्ये महासागरी ड्रिलिंगच्या १९७ व्या फेरीत डेट्रॉइट, निंतोकू आणि कोको या सीमाउंटवर भोकं पाडली. लाव्हा थिजताना त्यात त्या अक्षांशाचं चुंबकीय झुकणं कैद होतं. हॉटस्पॉट जागचा हलत नसता तर सगळ्यांचं झुकणं आजच्या हवाईच्या १९ अंश उत्तर अक्षांशाशी जुळायला हवं होतं. जुने डोंगर त्याच्या बरेच उत्तरेला थिजलेले निघाले. म्हणजे त्या काळात हॉटस्पॉट स्वतःच दक्षिणेकडे सरकत होता. अंतर भागिले वेग करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दुसरा पुरावा वयाचा, त्यावर वेगळा प्रतिसाद टाकतो.

---

शंकासुर

पण हॉटस्पॉटपासून दूर गेला म्हणजे कायमचा मेला, असं ठाम म्हणता येतं का?

---

बेसॉल्टवाला

नाही, आणि हे विचारलंत ते बरं झालं. हवाईतल्या ओआहू बेटावरचा कोओलाऊ ज्वालामुखी विझला, दहा लाख वर्षांहून जास्त काळ शांत राहिला, झिजला, दऱ्या पडल्या, आणि मग त्याच्याच अंगावर नवे शंकू उठले. डायमंड हेड त्यातलाच. याला पुनरुज्जीवित टप्पा म्हणतात. या लाव्हाचं रसायन मूळ ढालीपेक्षा (ढालीसारख्या पसरट मुख्य डोंगरापेक्षा) वेगळं, अल्कलीचं प्रमाण जास्त. परिमाण मात्र मूळ डोंगराच्या तुलनेत चिमूटभर.

याहून विचित्र प्रकार २००६ मध्ये जपानी संशोधकांनी मांडला. जपानच्या गर्तेजवळ १३ कोटी वर्षं जुन्या, थंड पडलेल्या भूपट्टावर अगदी अलीकडचे छोटे ज्वालामुखी सापडले. त्यांना पेटिट-स्पॉट म्हणतात. गर्तेत शिरण्याआधी भूपट्ट वाकतो, त्याला भेगा पडतात, खालचा थोडासा वितळलेला रस वाट काढतो. म्हणून काटेकोर माणूस 'मृत' ऐवजी "ढाल बांधणारा टप्पा अमुक कोटी वर्षांपूर्वी संपला" असं लिहितो.

---

खोलपाणी

हे वाक्य वरती ठळक करून टाकतो.

वय येईपर्यंत बुडण्याचं गणित मांडतो, कागद-पेन्सिलीने होतं. महासागरी कवच थंड होत जातं, आकसतं आणि खोल बसतं. साधारण ७ कोटी वर्षांपर्यंत चालणारं सूत्र: खोली (मीटर) = २५०० + ३५० × √वय, वय दशलक्ष वर्षांत.

समजा एक गयॉट ६४ दशलक्ष वर्षं जुन्या कवचावर उभा आहे. आज तळ: २५०० + ३५० × ८ = ५३०० मीटर. सपाट माथ्याची कड, म्हणजे लाटांनी कापलेली जुनी समुद्रपातळी, आज १०५० मीटरवर. म्हणजे कड पाण्याशी होती तेव्हा तळ ४२५० मीटरवर होता. ४२५० = २५०० + ३५० × ५, म्हणजे कवचाचं तेव्हाचं वय २५. बेट ३९ दशलक्ष वर्षांपूर्वी बुडायला लागलं.

आता यात काय काय चुकतं ते. एक, माथ्यावर प्रवाळी चुनखडीची टोपी असेल तर आज दिसणारी कड टोपीची आहे, बेसॉल्ट तिच्याखाली. प्रशांत महासागरातल्या एनिवेटॉक प्रवाळद्वीपावर १९५२ मध्ये भोक पाडलं तेव्हा बेसॉल्ट लागायला १४०० मीटर खाली जावं लागलं होतं. (डार्विनने कंकणाकृती प्रवाळद्वीपांबद्दल १८४२ मध्ये जे म्हटलं होतं ते तिथे सिद्ध झालं.) दोन, हॉटस्पॉट कवचाला पुन्हा तापवून उचलतो, त्यामुळे घड्याळ मागे फिरल्यासारखं होतं. तीन, नव्या डोंगराच्या स्वतःच्या वजनाने भूपट्ट वाकतो. हवाई बेट आज वर्षाला सुमारे अडीच मिलिमीटर खचतंय. सूत्रातून २५ दशलक्ष वर्षांच्या कवचाचा खचण्याचा वेग काढला तर ०.०३५ मिलिमीटर येतो. सत्तर पटींचा फरक! हे ओझ्याचं खचणं पहिल्या काही लाख वर्षांत बहुतेक आटोपतं, नंतर थंडाव्याचं संथ खचणं उरतं. चार, क्रेटेशसमध्ये समुद्रपातळीच आजच्याहून बरीच वर होती.

थोडक्यात, उत्तर ३९ आलं तर '३० ते ५०' म्हणा आणि दगडाच्या वयाची वाट बघा.

---

अनुक्षार

खोलपाणी, तुमच्याच आकड्यातून एक जुनं कोडं निघतं. निरोगी प्रवाळ वर्षाला मिलिमीटरभर सहज वाढतो, म्हणजे दहा लाख वर्षांत १००० मीटर. बेट खचतं दहा लाख वर्षांत ३५ मीटर. मग गयॉट बुडतातच कसे? प्रवाळाने कायम वरच राहायला हवं. याला बुडालेल्या प्रवाळमंचांचं कोडं म्हणतात. १९८१ मध्ये वोल्फगांग श्लागर यांनी ते नेमकं मांडलं.

उत्तर एकच नाही. हवाईच्या बाजूला थंडी हे कारण पटतं: भूपट्ट वायव्येकडे नेतो, पाणी गार होत जातं, चुना साठण्याचा वेग घटतो. साधारण २९ अंश उत्तरेला वाढ आणि खचणं समसमान होतं, त्याला डार्विन बिंदू म्हणतात. क्युरे हे जगातलं सर्वांत उत्तरेचं प्रवाळद्वीप बरोब्बर त्याच्या अलीकडे, २८.४ अंशांवर आहे. पण क्रेटेशसमधले कितीतरी मंच विषुववृत्ताजवळच बुडाले, तिथे थंडीचं कारण लागू नाही. तिथे पोषकद्रव्यांचा अतिरेक, प्राणवायू घटलेलं पाणी, किंवा समुद्रपातळी आधी उतरून माथा उघडा पडणं आणि मग झपाट्याने चढणं, असे वेगवेगळे खुलासे वेगवेगळ्या गयॉटना बसतात. सगळ्यांना एकच कारण चिकटवणारा लेख दिसला तर जरा जपून वाचा.

---

बेसॉल्टवाला

वयाचा प्रतिसाद. मोठा आहे, आधीच सांगतो.

दगड आणायचा तर स्वस्त मार्ग ड्रेज: जाड पोलादी तोंड, मागे साखळ्यांची झोळी. मल्टिबीम नकाशावरून २०-२५ अंशांहून तीव्र उतार निवडायचा, कारण सपाटीवर नुसता गाळ. उताराच्या खालून वर ओढायचं, जहाज अर्धा ते एक नॉट, माग काहीशे मीटरचाच. माग लांबवला तर दगड नक्की कुठला ते सांगता येत नाही. पाण्याच्या खोलीपेक्षा काहीशे मीटर जास्त तार सोडावी लागते, नाहीतर ड्रेज तळाला टेकतच नाही. तारेवरचा ताण सतत बघायचा: ड्रेजने दगड पकडला की झटका, सुटला की ढिला. अडकला आणि ताण चढतच राहिला तर जहाज मागे घेऊन उलट दिशेने सोडवायचा. मुख्य तारेआधी तुटेल असा कमकुवत दुवा मुद्दाम ठेवलेला असतो. तो तुटला की दुसरी साखळी ड्रेजला बाजूने ओढते आणि तो उलटून मोकळा होतो. नमुने जातात, हजारो मीटर तार वाचते.

डेकवर आलेला प्रत्येक दगड त्या डोंगराचाच, असं समजू नये. उच्च अक्षांशांत हिमनगांनी वाहून आणलेले ग्रॅनाइट-नीसचे तुकडे झोळीत येतात. गोल गुळगुळीत, मँगनीजचा पातळ थर असलेला एकटा दुकटा दगड संशयित. एकाच प्रकारचे कोनदार, ताज्या तुटीचे अनेक दगड आले तर विश्वास ठेवायचा.

करवतीने कापल्यावर पोत बोलतो. काचेची कड आणि त्रिज्येसारख्या भेगा असतील तर उशीसारखा लाव्हा, पाण्याखाली थिजलेला. वायूची भोकं मोठी आणि दाट असतील तर उथळ पाण्यातला किंवा उघड्यावरचा, कारण ३ किमी खोलीच्या दाबाखाली वायूला फुगायला वाव नसतो. लालसर, गंजलेली माती मध्ये सापडली तर कधीकाळी हे बेट होतं.

वयासाठी आर्गॉन-आर्गॉन पद्धत. दगडातल्या पोटॅशियमपासून अतिशय संथपणे आर्गॉन-४० बनतो, दोन्हींच्या प्रमाणावरून वय निघतं. जुनी पोटॅशियम-आर्गॉन पद्धत इथे दगा देते: समुद्राचं पाणी कोट्यवधी वर्षं दगडात मुरतं, पोटॅशियम आत सोडतं, आर्गॉन निसटतो, दोन्हींनी वय खोटं तरुण होतं. म्हणून दगडाचा आतला गाभा घ्यायचा, पाव मिलिमीटरच्या आसपासचे कण करायचे, सूक्ष्मदर्शकाखाली बदललेले कण एकेक करून काढायचे. मग हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाच्या वाढत्या तीव्रतेत, अल्ट्रासॉनिक टाकीत धुवायचे, म्हणजे चिकणमातीची खनिजं आणि कॅल्साइट सुटतात. अणुभट्टीत वेगवान न्यूट्रॉनचा मारा केला की पोटॅशियम-३९ पासून आर्गॉन-३९ बनतो, म्हणजे पोटॅशियमचं प्रमाणही आर्गॉनवरूनच कळतं. सोबत माहीत वयाचं प्रमाण खनिज ठेवतात, बहुधा फिश कॅन्यन सॅनिडीन, वय २८.२ दशलक्ष वर्षं. मग पायरीपायरीने तापवून प्रत्येक पायरीचं वय काढायचं.

निकाल वाचताना: सलग तीन किंवा जास्त पायऱ्या एकमेकींशी जुळल्या आणि त्यांत एकूण आर्गॉन-३९ च्या निम्म्याहून जास्त वाटा असेल, तर त्याला पठार म्हणतात. पठार नसेल तर वय नाही, फक्त आकडा आहे. उशीची काचेची कड चुकूनही वापरू नका. दाबाखाली झटकन थिजल्यामुळे प्रावरणातला आर्गॉन तिच्यातच अडकतो आणि वय खोटं म्हातारं येतं. आयसोक्रोनवर (सगळ्या पायऱ्यांच्या आर्गॉन गुणोत्तरांतून काढलेल्या रेषेवर) सुरुवातीचं आर्गॉन-४० आणि ३६ चं गुणोत्तर हवेच्या २९८.६ पेक्षा ठळकपणे वर आलं तर हाच घोळ समजा.

---

शंकासुर

दंडवत. म्हणजे डोंगर म्हाताराही दिसू शकतो आणि तरुणही, दगड कुठून कापला त्यावर!

---

गाळउपसा

आणखी एक कच्चं घड्याळ आहे, प्रयोगशाळा न लागणारं. सीमाउंटच्या उघड्या खडकावर लोह-मँगनीजचा काळा थर साचतो, दहा लाख वर्षांत १ ते ५ मिलिमीटर. १० सेंटीमीटरचा थर दिसला आणि २ मिलिमीटरचा वेग धरला तर ५ कोटी वर्षं. अर्थात ही खालची मर्यादा: दगड तितका तरी जुना, जास्तही असू शकतो, कारण मध्ये वाढ थांबते, थर निखळतो. ताजा लाव्हा काळा काचेरी असतो, हा थर काळा मातकट. कॅमेऱ्यात दोन्ही काळेच, त्यामुळे नुसत्या व्हिडिओवरून "ताजा लाव्हा" म्हणणारे फसतात.

जाड थर ८०० ते २५०० मीटरच्या पट्ट्यात मिळतात. त्यात कोबाल्ट एक टक्क्यापर्यंत जातं, म्हणून सगळ्यांचा डोळा. पण थर खडकाला घट्ट चिकटलेला. खरवडताना खालचा फुकटचा बेसॉल्टही येतो आणि धातूचं प्रमाण पडतं. जपानने २०२० मध्ये ताकुयो-५ सीमाउंटवर खोदून पाहिलं, हाती आले ६४९ किलो. यावरून अवघडपणा समजून घ्या.

हिंदी महासागरातला आपल्या कानावर पडणारा दाखला म्हणजे अफानासी निकितिन सीमाउंट, विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला. सुमारे ४०० किमी लांब, १५० रुंद, ४८०० मीटर तळावरून १२०० मीटरपर्यंत चढलेला. भारताने जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाकडे तिथल्या कोबाल्ट थरांच्या शोधासाठी अर्ज केला. तोच भाग श्रीलंका आपल्या विस्तारित खंडमंचात (किनाऱ्यापुढच्या हक्काच्या समुद्रतळात) धरते, तिथे घोडं अडलं. अवांतर: ज्याचं नाव दिलंय तो रशियन व्यापारी पंधराव्या शतकात चौल बंदरात उतरून जुन्नर, बिदरपर्यंत फिरला होता. अरबी समुद्राच्या लक्ष्मी खोऱ्यातही रामन आणि पणिक्कर हे सीमाउंट आणि वाडिया गयॉट आहेत, तिघेही भारतीय शास्त्रज्ञांच्या नावांचे.

---

अनुक्षार

मासेमारीवर दोन ओळी, खनिजांच्या आधी तीच घडून गेलीय म्हणून. सीमाउंटवर जमणारा ऑरेंज रफी मासा तिशीच्या आसपास वयात येतो आणि शंभरी ओलांडतो. जाळं तळावरून ओढलं की शेकडो वर्षांचे प्रवाळही झोळीत जातात. हवाईच्या खोल पाण्यातल्या एका काळ्या प्रवाळाचं वय ४२६५ वर्षं निघालं होतं. अशी जागा पुन्हा भरते की नाही, हे एका माणसाच्या हयातीत कळत नाही.

आणि 'मृत' शब्दावर माझी मुख्य तक्रार: मॅग्मा थांबला तरी डोंगरातून पाणी वाहत असतं. तळावर शेकडो मीटर गाळ बसला की कवचातली उष्णता आणि पाणी कोंडतं. गाळातून डोकं वर काढलेला बेसॉल्ट ही एकमेव खिडकी. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यासमोर ग्रिझ्ली बेअर नावाच्या उघड्या खडकातून समुद्राचं पाणी आत शिरतं आणि सुमारे ५० किमी दूरच्या बेबी बेअरमधून कोमट होऊन बाहेर पडतं. दोन्ही विझलेले.

डेव्हिडसन सीमाउंटचा पायथा तर प्रसिद्धच. कॅलिफोर्नियासमोरचा हा डोंगर २२८० मीटर उंच. १९३८ मध्ये अधिकृतपणे 'सीमाउंट' म्हटलेला हा पहिला. त्याच्या आग्नेयेच्या टेकाडाजवळ, ३२०० मीटरवर, २०१८ मध्ये अंडी उबवणाऱ्या ऑक्टोपसच्या माद्या सापडल्या, अंदाजे २०,००० प्राणी. आसपासचं पाणी १.६ अंश, ज्या भेगांत त्या बसतात तिथे १० अंशांपर्यंत. इतक्या थंडीत पाचाहून जास्त वर्षं लागावीत असं उबवणं दोनेक वर्षांच्या आत उरकतं.

---

प्रतिध्वनी

+१. आकारावरून निष्कर्षाचं आणखी एक उदाहरण: प्रशांत महासागरातल्या शात्स्की उंचवट्यावरचा तामू मासिफ हा डोंगर. २०१३ मध्ये तो जगातला सर्वांत मोठा एकसंध ज्वालामुखी म्हणून गाजला. २०१९ मध्ये त्याच गटातल्या लोकांनी चुंबकीय पट्टे मोजले तर ते मध्य-महासागरी रांगेसारखे सरळ, समांतर निघाले. एका मुखातून वाहिलेल्या ढालीत असे पट्टे येत नाहीत. दावा त्यांनी स्वतःच मागे घेतला, हे विशेष.

---

शंकासुर

शेवटचा प्रश्न, मग गप्प बसतो. हे डोंगर जातात कुठे?

---

बेसॉल्टवाला

गर्तेत. एंपरर रांगेच्या उत्तर टोकाचा मेजी गयॉट कामचात्काजवळच्या गर्तेच्या तोंडाशी आहे. त्याच्याही आधीचे असतील ते खाली गेले. जपानच्या गर्तेवर दाइइची-काशिमा सीमाउंट तर या क्षणी चाललाय. भूपट्ट वाकताना प्रस्तरभंगाने त्याचे दोन तुकडे झालेत, गर्तेकडचा अर्धा खाली घसरलाय. दोन्ही अर्ध्यांवर क्रेटेशस काळातली चुनखडीची टोपी आहे, आणि मोडलेला माथा मल्टिबीम नकाशात स्पष्ट दिसतो. टीआयडी तिथे ११ आहे का ते बघूनच.